विद्यापीठाचा नाट्यहंगाम आणि उद्योगनगरीतील प्रेक्षक

'हंगाम' हा शब्द मराठी माणसाच्या परिचयाचा झाला तो शेतीमुळे. सुगीचा हंगाम, आंब्याचा हंगाम, चाकणच्या बाजारात गोण्यांची रीघ लागते तो कांद्याचा हंगाम. परंतु चाकण मागे टाकून नाशिकच्या रस्त्याने आणखी उत्तरेस गेले म्हणजे नारायणगाव लागते, आणि तेथे हाच शब्द कलेच्या व्यवहारात पूर्णपणे रुळलेला आढळतो. गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या तेथे उभ्या राहतात. गावोगावचे कारभारी येतात, आपल्या ग्रामदैवताच्या यात्रेसाठी फड पसंत करतात, सुपारी ठरते आणि विसार दिला जातो. विठाबाई नारायणगावकर यांच्यासारख्या थोर कलावतीची कीर्ती अशाच यात्रांच्या हंगामांतून महाराष्ट्रभर पसरली. कलेलाही हंगाम असतो, आणि हंगाम म्हटला की त्यामागे कोणाची तरी मागणी असते, ही गोष्ट नारायणगावात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

याच रस्त्याने उलट दिशेस, म्हणजे दक्षिणेकडे यावे. चाकण, भोसरी, पिंपरी ही कारखान्यांची विस्तीर्ण वस्ती ओलांडून गणेशखिंडीत पोहोचले की विद्यापीठाचा वृक्षराजीने वेढलेला परिसर लागतो. १९४९ साली डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या कुलगुरुपदाखाली पुणे विद्यापीठाचे कार्य सुरू झाले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. या विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्राची स्थापना झाली. संगीत, नृत्य आणि नाट्य या तीन कलांचे पद्धतशीर शिक्षण तेथे दिले जाते. 'महानिर्वाण' व 'बेगम बर्वे' या नाटकांचे कर्ते सतीश आळेकर यांनी १९९६ ते २००९ या काळात या केंद्राचे नेतृत्व केले. दर शैक्षणिक वर्षात नाट्यविभागाचे विद्यार्थी प्रयोग सादर करतात. या प्रयोगांची जी मालिका, तिलाच विद्यापीठाचा नाट्यहंगाम म्हणावयाचे.

हा हंगाम कोणासाठी असतो, त्यातील नाटके कशी निवडली जातात, आणि गणेशखिंडीपासून फार दूर नसलेल्या पिंपरी-चिंचवडच्या सुशिक्षित कुटुंबाने त्याची दखल का घ्यावी, या तीन प्रश्नांचा विचार नव्या हंगामाच्या उंबरठ्यावर करणे अप्रस्तुत होणार नाही.

नाटकाची निवड कोण करतो, यावर हंगामाचे स्वरूप अवलंबून असते. तमाशाच्या हंगामात निवड करते ते गाव. व्यावसायिक रंगभूमीवर निवड करतो तो तिकिटाच्या खिडकीवर उभा असलेला प्रेक्षक. कारण त्याने पाठ फिरविली तर निर्मात्याला पुढचा प्रयोग लावता येत नाही. स्पर्धेच्या हंगामात परीक्षकाची आवडनिवड, ती कोणी उघड बोलून दाखवो अथवा न दाखवो, नाट्यसंघाच्या मनात घर करून असते. यांपैकी कोणताही मार्ग गैर नव्हे. मराठी रंगभूमी या तिन्ही मार्गांनी वाढली आहे. परंतु विद्यापीठाच्या नाट्यविभागात नाटक निवडले जाते ते निराळ्याच निकषाने. तेथे प्रश्न विचारला जातो तो असा, की या वर्षीच्या विद्यार्थ्यांना अद्याप काय येत नाही? जे येत नाही ते शिकविणारे नाटक निवडावयाचे. गाव, गल्ला आणि बक्षीस या तिहींच्या जागी तेथे अभ्यास हा निवड करणारा असतो. विद्यापीठीय हंगामाचे सारे वैशिष्ट्य या एका गोष्टीत सामावलेले आहे. त्याचे गुण यातूनच येतात आणि त्याच्या उणिवाही यातूनच येतात.

नाट्यकला ही विद्यापीठात शिकविण्याची गोष्ट आहे काय, अशी शंका पूर्वीपासून घेतली जात आली आहे. तिचे उत्तर मराठी रंगभूमीच्या इतिहासातच सापडते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला. त्यानंतरच्या अर्धशतकात नाटक मंडळी हीच नटाची शाळा होती. कोवळ्या वयाचा मुलगा मंडळीत दाखल होई, तेथेच जेवी, तेथेच झोपे, विंगेत उभा राहून थोरांची कामे पाही, आणि हळूहळू त्याच्या वाट्याला लहानसहान भूमिका येत. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत गेले ते अशाच शाळेत गेले. त्या शाळेला लेखी अभ्यासक्रम नव्हता, परंतु शिस्त कडक होती आणि शिक्षण अखंड होते.

पुढे १९३१ साली 'आलम आरा' आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले, आणि नाटक मंडळ्यांच्या बिऱ्हाडांना उतरती कळा लागली. मंडळ्या मोडल्या त्यासरशी नुसते नाटकच अडचणीत आले असे नव्हे. नटाची शाळाही मोडली. ही पोकळी भरून काढण्याचे काम स्वातंत्र्योत्तर काळात बव्हंशी स्पर्धांनी केले. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून सुरू झाली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा चालविली. भरत नाट्य मंदिरात ऐन पावसाळ्यात रंगणाऱ्या या स्पर्धेतून नामांकित नट, लेखक आणि दिग्दर्शक निर्माण झाले. तथापि स्पर्धेचे शिक्षण हे ऐन प्रसंगी मिळणारे शिक्षण असते. जे येते ते अधिक झळाळून दाखविण्याकडे तेथे साहजिकच कल राहतो. जे येत नाही ते शांतपणे, चुकत-माकत शिकण्यास स्पर्धेत सवड नसते. ही सवड देणे हेच नाट्यविभागाचे काम होय.

पाश्चात्त्य देशांतही हा विचार विसाव्या शतकाच्या आरंभी मूळ धरू लागला. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज पिअर्स बेकर या प्राध्यापकांनी नाट्यलेखनाचा वर्ग सुरू केला आणि त्याला जोडून प्रयोगशाळाही चालविली. पुढे जगप्रसिद्ध झालेले नाटककार यूजीन ओनील हे १९१४-१५ साली त्याच वर्गात बसत होते. बेकर यांच्या प्रयोगशाळेचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथे निमंत्रित प्रेक्षकाने नाटक पाहून घरी जावे आणि विसरावे असे चालत नसे. त्याने आपला अभिप्राय लिहून द्यावयाचा असे. शिकाऊ नाटककाराच्या शिक्षणात प्रेक्षकाचाही वाटा असतो, ही जाणीव त्या नियमामागे होती. आपल्याकडे दिल्लीस १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय निघाले आणि १९६२ ते १९७७ या काळात इब्राहिम अल्काझी यांनी त्याला घडविले. महाराष्ट्रात पुण्याखेरीज छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. मुंबई विद्यापीठातही नाट्यशिक्षणासाठी २००३ साली स्वतंत्र अकादमी स्थापन झाली.

आता हंगामाच्या रचनेकडे वळावे. नाट्यविभागाचे वर्ष पावसाळ्यात सुरू होते. आरंभीचे महिने आवाज, उच्चार, शरीराची हालचाल, संहितेचे वाचन यांत जातात. त्यानंतर एखाददुसरा प्रवेश, मग एकांकिका, आणि अखेरीस पूर्ण लांबीचे नाटक अशा पायऱ्या साधारणपणे चढल्या जातात. काही प्रयोग शिक्षकांच्या अथवा बाहेरून बोलाविलेल्या दिग्दर्शकांच्या हाताखाली बसतात, तर काही विद्यार्थी स्वतः बसवितात. चांगल्या हंगामात चार प्रकारची नाटके असावीत अशी अपेक्षा करता येते: आपल्या परंपरेतील जुने नाटक, लोकनाट्याच्या अथवा संस्कृत नाट्याच्या घाटाचे नाटक, परभाषेतून आलेले नाटक, आणि अगदी नवे, बहुधा विद्यार्थ्यानेच लिहिलेले नाटक. यांपैकी प्रत्येक प्रकार विद्यार्थ्यास निराळे काही शिकवितो आणि प्रेक्षकासही अन्यत्र दुर्मिळ असे काही देतो.

जुन्या नाटकाचे उदाहरण म्हणून जोतीराव फुले यांच्या 'तृतीय रत्न' या नाटकाचा उल्लेख करता येईल. १८५५ साली लिहिलेले हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने स्वीकारले नाही, आणि त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ते छापले गेले नाही. विद्येअभावी नाडल्या जाणाऱ्या कुणबी दांपत्याची ही कथा 'शाकुंतला'च्या पंचवीस वर्षे आधीची आहे; परंतु आपल्या काळात ती रंगभूमीवर आली नाही. जी नाटके परंपरेच्या मुख्य प्रवाहाबाहेर राहिली, त्यांना उभे करण्याची आर्थिक जोखीम व्यावसायिक निर्माता सहसा घेऊ शकत नाही. अभ्यास म्हणून नाटक करणाऱ्या संस्थेस ती घेता येते. त्या काळची बोली कशी बोलावी, त्या काळचा माणूस कसा बसे, कसा नमस्कार करी, पागोटे कसे सांभाळी, हे विद्यार्थ्यास जुन्या नाटकावाचून कोण शिकविणार?

दुसरा प्रकार लोकनाट्याच्या घाटाचा. याचे सर्वज्ञात उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल'. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला. त्यात नटांची एक सबंध रांगच कधी भिंत होते, कधी पडदा होते, तर कधी जमाव होते. अशा नाटकात प्रमुख नटाइतकेच महत्त्व रांगेतील शेवटच्या नटाला असते. एकाचा पाय चुकला तर भिंतीला भगदाड पडते. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यावसायिक नाटकाला गावोगाव फिरावे लागते. प्रत्येक नटाचे मानधन, प्रवास आणि मुक्काम यांचा हिशेब करता करता पात्रसंख्या आखडत जाते, आणि दोन-चार पात्रांची दिवाणखान्यातील नाटके सोयीची ठरतात. वीस-पंचवीस माणसांचा मेळ असलेले नाटक पाहावयाचे तर हौशी संस्थांकडे किंवा नाट्यविभागाकडेच वळावे लागते. विद्यार्थ्यांचा सबंध वर्ग हाताशी असणे ही नाट्यविभागाची मोठी संपत्ती आहे, आणि अशा नाटकांतच तिचा पुरता उपयोग होतो.

तिसरा प्रकार परभाषेतून आलेल्या नाटकांचा. मराठी रंगभूमीला हा पाहुणा नवा नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिले, त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. वि. वा. शिरवाडकरांचे 'राजमुकुट' हे 'मॅक्बेथ'वर आधारलेले आहे. पु. ल. देशपांडे यांची 'ती फुलराणी' बर्नार्ड शॉच्या नाटकावरून आली, आणि ती परकी आहे हे प्रेक्षकास आठवतही नाही इतकी ती येथे रुजली. १ जुलै १९३३ रोजी 'नाट्यमन्वंतर' संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून वास्तववादी नाटकाची नांदी केली. तेही मूळ ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाचेच. परभाषेतील नाटक बसविताना विद्यार्थ्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की ही माणसे आपल्याकडे कोठे राहत असतील? त्या शोधात त्याला आपल्याच समाजाची नवी ओळख होते.

चौथा प्रकार नव्या नाटकाचा, आणि हाच सर्वांत धोक्याचा. त्याच्या पाठीशी नाव नसते, पूर्वीचे प्रयोग नसतात, समीक्षकांचा दाखला नसतो. नाटक अर्ध्यावर घसरेल, शेवट सापडणार नाही, विनोद फसेल, हे सारे संभवते. परंतु 'महानिर्वाण'देखील १९७४ साली नवेच होते, आणि नवीन नाटक जेथे फसू शकते अशी सुरक्षित जागा समाजाने राखून ठेवली नाही तर यशस्वी होणारे नाटकही लिहिले जाणार नाही. शेतात प्रत्येक वाणाची चाचणी आधी लहानशा वाफ्यात घेतात. नाट्यविभाग हा रंगभूमीचा तसा वाफा होय.

हंगामात विद्यार्थी काय करतात, हेही जाणून घेणे उद्बोधक आहे. जो एका नाटकात राजा असतो तोच दुसऱ्या नाटकात प्रकाशयोजनेच्या फळीपाशी बसलेला असतो. नायिकेचे काम करणारी विद्यार्थिनी पुढच्या प्रयोगास वेशभूषेची ट्रंक सांभाळते, तर कधी नेपथ्याच्या चौकटींना खिळे ठोकते. रंगमंचावर एखादी खुर्ची दोन वीत इकडची तिकडे झाली तर नटाचा चेहरा अंधारात जातो, हे ज्याने एकदा दिव्यापाशी बसून पाहिले, तो नट पुन्हा आपली जागा चुकत नाही. वाचन, मग हालचालींची आखणी, मग पाठांतरासह तालीम, मग दिवे, संगीत व वेश यांसह रंगीत तालीम, आणि शेवटी प्रयोग, असा हा क्रम. यांतील प्रत्येक पायरीला शिक्षक टोकू शकतो. शेवटच्या पायरीला मात्र टोकणारा एकच असतो, तो प्रेक्षक. तो हसला नाही, खोकू लागला, खुर्चीत चुळबुळला, की नटास आपली चूक कोणी न सांगता समजते. हे शिक्षण कोणत्याही वर्गात देता येत नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रातही हा विचार आढळतो. त्याच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा, म्हणजे यशाचा, विचार केला आहे, आणि तेथे प्रेक्षकाचे गुण सविस्तर सांगितले आहेत. नटाने काय करावे हे सांगणाऱ्या ग्रंथाने पाहणाऱ्याची योग्यताही सांगावी, यात मोठे मर्म आहे. प्रयोग दोघांनी मिळून पुरा करावयाचा असतो.

येथेच पिंपरी-चिंचवडचा प्रश्न उपस्थित होतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला, त्यापाठोपाठ मोटारी, दुचाकी वाहने आणि त्यांचे सुटे भाग तयार करणारे कारखाने आले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे हाच पट्टा तळेगाव व चाकणपर्यंत पसरला. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसे आली आणि येताना आपापल्या दशावताराची, भारुडाची, जलशाची, झाडीपट्टीतील नाटकांची आठवण घेऊन आली. कारखान्यांत कामगारांचे नाट्यसंघ निघाले. १९५३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत पाळी संपवून आलेल्या माणसांनी रात्री तालमी करून कामे केली. यंत्रावर आठ तास उभे राहिलेल्या माणसाने पुन्हा रात्री तीन तास तालमीला उभे राहावे, याला हौस म्हणणे अपुरे आहे. ती भूक होती.

आज या शहरात नाट्यगृहांची वाण नाही. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे, पिंपरीस आचार्य अत्रे रंगमंदिर आहे, भोसरीस अंकुशराव लांडगे नाट्यगृह, पिंपळे गुरवला निळू फुले रंगमंदिर, तर निगडी प्राधिकरणात ग. दि. माडगूळकरांच्या नावाचे नाट्यगृह आहे. जानेवारी २०२४ मध्ये शंभराव्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाचा सोहळा याच शहरात झाला, आणि अध्यक्षस्थानी होते 'घाशीराम'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. एके काळी गावाबाहेरची माळरानाची जागा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाला हा मान मिळावा, ही गोष्ट अभिमानास्पद खरीच.

परंतु नाट्यगृहे बांधल्याने प्रेक्षक निर्माण होतो असे नाही. महापालिकेस विटा-सिमेंट देता येते. नाटक पाहण्याची सवय देता येत नाही. ती सवय घरातून लागते आणि विविध प्रकारची नाटके पाहून वाढते. ज्या कुटुंबाने वर्षानुवर्षे एकाच प्रकारचे हलकेफुलके नाटक पाहिले, त्याची रुची त्याच चाकोरीत थांबली तर दोष कुटुंबाचा नव्हे. समोर निराळे ताट आलेच नाही. विद्यापीठाच्या हंगामाचे मोल येथे कळते. मामा वरेरकरांचे गिरणी कामगारांविषयीचे 'सोन्याचा कळस' किंवा गिरण्यांच्या संपानंतर एका घराची झालेली वाताहत दाखविणारे जयंत पवार यांचे 'अधांतर' अशा नाटकांचा खरा प्रेक्षक उद्योगनगरीतच आहे. टाळेबंदी, कंत्राटी नोकरी, पाळीचे भोंगे यांचा अर्थ येथे कोणी समजावून सांगावा लागत नाही. अशा नाटकाचा प्रयोग विद्यार्थ्यांनी या प्रेक्षकांपुढे केला, तर कोणी कोणाला शिकविले हे सांगणे अवघड जाईल.

अंतराची अडचण पूर्वी सांगितली जाई. तीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. ऑगस्ट २०२३ पासून पिंपरीहून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोने थेट जाता येते, आणि तेथून गणेशखिंड जवळच आहे. ललित कला केंद्राचा 'अंगणमंच' हे त्याच्या नावाप्रमाणेच मोकळे अंगण आहे. तेथे मखमली पडदा नाही, आणि नट व प्रेक्षक यांत अंतरही फारसे नाही. नटाचा श्वास ऐकू येईल इतक्या जवळून नाटक पाहण्याचा अनुभव हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात मिळत नाही.

विद्यार्थ्यांचे प्रयोग पाहणे ही जबाबदारीही आहे, याची आठवण २ फेब्रुवारी २०२४ रोजी तीव्रतेने झाली. त्या दिवशी ललित कला केंद्राच्या आवारात विद्यार्थ्यांचा एक प्रयोग चालू असताना बंद पाडण्यात आला. रामलीलेतील नटांचे पडद्यामागील वर्तन हा त्याचा विषय होता, आणि त्यामुळे धार्मिक भावना दुखावल्याचा आक्षेप होता. विभागप्रमुख व पाच विद्यार्थी यांना अटक झाली आणि पुढे त्यांना जामीन मिळाला. त्या प्रयोगाविषयी भिन्न मते असू शकतात, आणि ती असण्यात वावगे काही नाही. परंतु शिकणाऱ्याच्या कृतीविषयी मतभेद कोठे मांडावा, हा प्रश्न प्रत्येक सुशिक्षित घराने स्वतःला विचारण्यासारखा आहे. प्रयोग संपल्यावर उभे राहून 'हे मला पटले नाही, आणि न पटण्याचे कारण हे' असे म्हणणारा प्रेक्षक विद्यार्थ्याला घडवितो. प्रयोग अर्ध्यावर थांबला तर विद्यार्थ्यास आपली चूक समजत नाही आणि प्रेक्षकास त्याचे म्हणणे समजत नाही. दोघेही पूर्वी होते तेथेच राहतात. नाटक पुरे पाहणे आणि मग स्पष्ट बोलणे, ही प्रेक्षकाची शिस्त आहे. ती नटाच्या शिस्तीहून कमी महत्त्वाची नाही.

म्हणून या हंगामास जाताना काही गोष्टी मनाशी धरून जाव्यात. प्रथम, नाटकाची थोडी ओळख घरीच करून घ्यावी. जुने किंवा परभाषेतील नाटक असेल तर त्याची संहिता बहुधा ग्रंथालयात मिळते. मुलांसह एखादा अंक वाचून गेल्यास प्रयोगाची गोडी दुणावते. दुसरे, प्रसिद्ध नटाच्या कसबाची अपेक्षा ठेवू नये. एकविसाव्या वर्षी सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याची दाढी खोटी दिसणारच. पाहावयाचे ते त्याच्या नजरेत म्हातारपण कितपत उतरले हे. तिसरे, एकाच नाटकावर थांबू नये. हंगामाचा अर्थ सलग तीन-चार प्रयोग पाहिल्यावरच उलगडतो. गेल्या प्रयोगात जी मुलगी कोपऱ्यात घागर घेऊन मुकाट उभी होती, तिलाच या प्रयोगात दोन अंक पेलताना पाहण्यात जो आनंद आहे, तो एखाददुसऱ्या भेटीत मिळत नाही. आणि चौथे, प्रयोगानंतर लगोलग निघून जाऊ नये. बेकर यांच्या प्रेक्षकांप्रमाणे लेखी अभिप्राय कोणी मागणार नाही, परंतु दोन प्रामाणिक शब्द विद्यार्थ्यांच्या कानी पडावेत. 'छान झाले' एवढ्याने त्यांचे समाधान होते, पण शिक्षण होत नाही.

नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडे उठली त्याला आता आठ-नऊ दशके होत आली. त्या काळचा प्रेक्षक कोवळ्या नटाचे पहिले पद ऐकायला जाई, तो फसला तर हळहळे, आणि पुढल्या मुक्कामास पुन्हा जाई. नट मंडळीने घडविला असे आपण म्हणतो. पण त्याच्या घडणीत अशा प्रेक्षकाचा भाग मोठा होता. मंडळीची जागा आज विद्यापीठाने घेतली आहे. प्रेक्षकाची जागा मात्र ज्याची त्यानेच घ्यावयाची आहे. पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात, जेथे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेली घरे अजून एकमेकांची बोली शिकत आहेत, तेथून वर्षाकाठी काही कुटुंबे जरी गणेशखिंडीतील अंगणात येऊन बसू लागली, तरी विद्यार्थ्यांच्या शिक्षणातील उरलेला अर्धा भाग पुरा होईल, आणि या शहराच्या पाच नाट्यगृहांना उद्याचा प्रेक्षकही मिळेल.